उभ्या गाडीची गळती

हनीफ मिस्त्री सरळ माणूस होता, असं गोंडपिपरीत कोणालाही विचारलं तरी सांगतील. मी पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी चक्की चालवली, आणि मला अजून ते ठरवता आलेलं नाही. माणूस जिवंत आहे. नागपुरात मुलाकडे आहे. पण जाताना मला जो घोळ देऊन गेला तो काही सुटत नाही.

आमच्या दोघांच्या मध्ये टिनाची एक भिंत. इकडे माझी चक्की, तिकडे त्यांचं गॅरेज. माझ्याकडून पीठ उडायचं, त्यांच्याकडून धूर यायचा, आणि समोरच्या रस्त्याने सूरजागडच्या लोखंडी दगडाचे ट्रक जायचे त्यांची लाल धूळ दोघांवर बसायची. संध्याकाळपर्यंत मी पांढरी, ते काळे, आणि वरून दोघेही तांबडे.

मिस्त्री बारीक, उंच, कमरेत वाकलेले. चहा डाव्या हाताने बशीतून प्यायचे, कारण उजवा हात कायम तेलाचा. साबण वापरायचे नाहीत. माझ्याकडचा तांदळाचा कोंडा मूठभर घ्यायचे, त्याने हात चोळायचे आणि कोंडा माझ्याच दारात झटकायचे. मी रोज बोलायची, ते रोज झटकायचे.

गाडी आली की आधी मालकाला चहा प्यायला पाठवायचे. मग गाडीजवळ स्टूल टाकून नुसते बसायचे. पाना नाही, काही नाही. मालक परत आला की म्हणायचे, "आता बोला. पण थोडं बोला. मालक खोटं बोलते, गाडी नाई बोलत."

दुसरी सवय डब्यांची. काढलेला एकही भाग ते फेकत नव्हते. नट, वायसर, रबराची सीलं, सगळं रद्दीच्या कागदात गुंडाळायचे, वर पेन्सिलीने कोणत्या गाडीचं आणि कुठलं ते लिहायचे, दोरा बांधायचे आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. भिंतीला असे तीसएक डबे होते. मी त्याला कचरा म्हणायची. एकदा भर हंगामात माझ्या चक्कीच्या पुलीची चावी तुटली. बोटभर लोखंडाचा तुकडा, पण त्याच्याशिवाय चक्की फिरत नाही. नवी चावी चंद्रपूरहून यायला दोन दिवस लागणार होते. मिस्त्रींनी एक पुडी काढली. वर लिहिलं होतं, बाईची चक्की, जुनी. नऊ वर्षांपूर्वी मी फेकलेली चावी त्यांनी माझ्या कचऱ्यातून उचलून ठेवली होती. तिच्यावर चक्की दोन दिवस चालली. तेव्हापासून मी त्यांच्या डब्यांना नावं ठेवली नाहीत.

त्यांची बायको वारल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा सलीम नागपुरात गाड्यांच्या मोठ्या शोरूमात कामाला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जॅक सरकला आणि मिस्त्रींच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपली. सलीम आला आणि त्याने माझ्यासमोरच विषय काढला. अब्बा, बस झालं, नागपूरला चला. मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की उघडलेली गाडी टाकून मिस्त्री जात नाही. हा त्यांचा जुना नियम होता. गॅरेजात कोणाची गाडी खोललेली असली तर ते ईदलाही दुसऱ्या गावाला जात नसत.

सलीम म्हणाला, "ठीक हाये. आता नवीन गाडी घेऊ नका. हातातल्या झाल्या की शटर खाली. शब्द द्या. बाई गवाह हायेत."

मिस्त्रींनी शब्द दिला. मला साक्षीदार व्हायची हौस नव्हती, पण झाले.

एकेक गाडी निघत गेली. शेवटी एक ट्रॅक्टर राहिला होता, तोही दोन दिवसांचा. तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. त्या दोन दिवसांतच ती लांब गाडी आली, दुसऱ्या एका ट्रॅक्टरला दोरीने बांधून.

गाडी होती परदेशी, फार जुनी, आमच्या वयाची म्हणा. बोनेटवर दोन माणसं आरामात झोपतील एवढी. सिरोंचाकडे एका जंगलच्या ठेकेदाराच्या घरी तेंदूच्या पोत्यांखाली कित्येक वर्षं पडून होती. ती घेतली होती वडशाच्या भास्करभाऊंनी. त्यांची नाटक कंपनी आहे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, तेव्हा नाटकातली नटी या गाडीत बसून गावभर फिरेल आणि भोंग्यावर नाटकाचं नाव सांगतील, असा त्यांचा बेत. ते म्हणाले, "नाटक सगळेच दाखवतेत, मिस्त्री. अशी गाडी कोण दाखवते?" गाडी वडशाला नेताना गोंडपिपरीच्या अलीकडे थांबली. इंजिन चालू, पण गाडी हलेना.

मिस्त्रींनी भास्करभाऊंना चहाला पाठवलं आणि स्टूल टाकलं. मी टिनाच्या फटीतून पाहत होते. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. भास्करभाऊ परत आले तेव्हा बोनेट उघडं होतं.

मी विचारलं, "शब्दाचं काय, भाऊ?"

"ट्रॅक्टर खोललेला हाये ना अजून," ते म्हणाले. "तो हाये तोवर दुकान चालूच हाये."

या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. गिअरच्या पेटीत साधं काळं तेल नाही, पातळ लाल तेल लागायचं, आणि त्या तेलाच्या जोरावरच गाडी ओढली जायची. ते तेल गळून जवळजवळ संपलं होतं. मिस्त्रींनी सलीमकडूनच नागपूरहून लाल तेलाचे डबे मागवले. मुलाने पाठवले. गाडी हलली. त्या आनंदात भास्करभाऊंचा ड्रायव्हर शंकर आत बसला. पंधरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस, डाव्या पायाला क्लच दाबायची सवय. त्याने डावा पाय हाणला तो ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थांबली आणि भास्करभाऊंचं कपाळ काचेवर आपटलं. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रींनी शंकरची डावी चप्पल काढून घेतली आणि पाय मांडीखाली घेऊन बसवलं. तसा तो अर्धी पालखट मारून बाजारापर्यंत जाऊन आला. चप्पल परत द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ती पुढे महिनाभर गॅरेजात होती.

आता फक्त गळती बंद करायची होती. मिस्त्री म्हणाले, आठ दिवस. लागले पाच महिने.

पहिले पंधरा दिवस तर भांडणात गेले. गाडीखाली लाल डाग दिसायचे. लाल धूळ तर सगळीकडेच होती, म्हणून आधी ती झाडून पाहिली. मग मिस्त्री माझ्या दारात आले.

"बाई, तुमच्या गिऱ्हाईकाइले सांगा, गाडीखाली खर्रा थुंकू नका."

"माझं गिऱ्हाईक गाडीखाली लोळून थुंकते काय, भाऊ?"

त्यांना ते पटलं नाही. आमच्याकडे दहातले आठ जण सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात आणि मिळेल तिथे लाल थुंकतात, हे खरं आहे. त्यांनी पाटी लावली, गाडीखाली थुंकू नये. पाटी वाचून लोक वाकून खाली बघायचे आणि तिथेच थुंकायचे. मग एकदा तीन दिवस पावसाची झड लागली. चक्की बंद, माणूस फिरकला नाही. चौथ्या दिवशी गाडीखाली ताजा डाग. मिस्त्रींनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला. मग पाटी काढून माझ्याकडे आणून दिली. म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक साफ हाये." माफी वगैरे नाही. पाटीच्या मागच्या बाजूला मी दळणाचे भाव लिहिले.

मग त्यांनी ठरवलं की पेटीच्या तळाशी जो परातीसारखा पत्रा असतो त्याचं पॅकिंग गेलंय, कारण तेल त्याच्या काठावरून टपकत होतं. जाड कागद पत्र्याच्या काठावर ठेवायचा आणि छोट्या हातोडीने काठाकाठाने ठोकत जायचं, म्हणजे कागद बरोबर त्या आकाराचा कापला जातो. दोन दिवस टिनाच्या पलीकडून टकटक ऐकली. पॅकिंग बसलं, गळती तशीच. मग बुचाच्या लाकडाचं पॅकिंग. तेही तसंच. मग म्हणाले, बोल्ट जास्त आवळल्याने पत्र्याचा काठ वाकला असेल. तो काढून लाकडी ठोकळ्यावर सपाट केला. चेपलेल्या बोटांनी पाना नीट धरता येत नव्हता, तरी तासन् तास गाडीखालच्या खड्ड्यात उतरून वर हात करून काम करत. वरचं तेल कोपरापर्यंत ओघळायचं.

दर शुक्रवारी नमाजनंतर सलीमचा फोन यायचा. मिस्त्रींना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्याने लावलेला असायचा.

"झाली काय, अब्बा?"

"गळून राह्यली."

"अजून?"

"अजून."

इतकंच बोलणं. पोळ्यानंतर सलीम स्वतः आला. नवा पांढरा शर्ट काढून ठेवला, मोबाईलची बत्ती घेऊन खाली गेला, आणि वर येऊन म्हणाला पॅकिंगच आहे. नागपूरहून आणलेला भारी डिंक लावून त्याने स्वतः पॅकिंग बसवलं. इंजिन तासभर चालवलं, एक थेंब नाही. शर्ट घालून, हात धुऊन, बापाला म्हणाला की येत्या रविवारी सामान न्यायला गाडी आणतो. गुरुवारी डाग दिसला. मिस्त्रींनी मला बोलावून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आजही येत नाही. हरलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. पण खूश म्हणावं तर त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

मग ते पीठ मागायला आले. तांदळाचं, एकदम बारीक. मी परातभर दिलं. पेटी पुसून कोरडी केली, सगळीकडून पीठ मारलं. तेल जिथून निघेल तिथे पीठ ओलं होणार. इंजिन लावलं, गिअर पुढे टाकला, मागे टाकला, दोन तास झाले. पीठ पांढरं कोरडं. तीन दिवसांनी पाहिलं तर खालचं सगळं पीठ लाल लगदा. सुरुवात कुठून ते कळायला मार्गच नाही. पुन्हा पीठ, पुन्हा तेच. मी चार वेळा पीठ दिलं. परात तिकडेच राहिली.

दसऱ्याला भास्करभाऊ आले ते रागातच. तारखा ठरल्या होत्या, नटीला सांगून झालं होतं. ते म्हणाले की दिवाळीपर्यंत झाली नाही तर गाडी ट्रकवर चढवून नागपूरला नेईन आणि मग तालुक्यात सांगेन की हनीफ मिस्त्रीला जमलं नाही. गाडी तशी गेली असती तर नावही गेलं असतं आणि दुकानही. झाली असती तर नाव राहिलं असतं, दुकान गेलंच असतं. मला तेव्हा वाटलं, हा माणूस दोन्हीकडून अडकला.

त्यानंतर चार दिवस ते रोज शंकरला घेऊन आष्टीच्या रस्त्याला गाडी फिरवून आणत होते. चारही दिवस जमीन कोरडी. मग दोन दिवस गाडी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे परात मागायला गेले आणि तेलावरून घसरले. पडले नाही, पण कंबर लचकली. माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "भाऊ, चालवता तेव्हा कोरडी असते. उभी ठेवता तेव्हा गळते. तुमचं अंगण मी झाडून राह्यली, मले दिसते. तुम्ही ते इंजिन लावून काऊन पाहता?"

ते बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवली.

"कोणी सांगतलं तुम्हाले?"

"झाडूने."

ते उठले, पेटी पुसली, पीठ मारलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी इंजिन लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. मी पदर खोचून खड्ड्यात उतरले. त्यांनी बत्ती दाखवली. तळाच्या पत्र्याच्या बरंच वर, बाजूला, गिअरचा दांडा जिथून पेटीत शिरतो तिथून एक लाल रेघ निघाली होती. पिठातून मुंगीने वाट काढावी तशी खाली आली होती, मग काठाकाठाने मागे गेली होती आणि सर्वांत शेवटच्या बोल्टवरून टपकत होती.

ते समजावून सांगू लागले. गाडी चालत असली की तेल वर फिरत असतं, तळाला कमी असतं. उभी राहिली की वरचं सगळं हळूहळू खाली येतं. तळाची पातळी चढत चढत त्या दांड्याच्या भोकापर्यंत जाते. भोकाचं सील वाळून गेलेलं. म्हणून चालताना काही नाही आणि उभ्याने गळती.

"चालत होती तोवर ठीक होती," ते म्हणाले. "बसवून ठेवली, तिथंच बिघडली."

मी म्हटलं, मग आता सील आणा. ते आणायला कुठे गेले नाहीत. वर आले, एका डब्यात हात घातला आणि पुडी काढली. दोरा सोडला. आत रबराचं सील, लहान मुलीच्या अंगठीएवढं. दांड्याला लावून पाहिलं, माप बरोबर होतं.

कागद माझ्या हातात आला. आमच्याच गावच्या पोळ्याचा फोटो होता त्यात, त्याच वर्षीचा. माझ्या दिराची बैलजोडी मी ओळखली. फोटोवर पेन्सिलीने लिहिलं होतं, लांब गाडी, बाजूचं.

म्हणजे पोळ्याच्या सुमारास त्यांना हे भोक माहीत होतं? सलीम येऊन गेला त्याच्या आधी की नंतर? का तेव्हा सहजच आणून ठेवलं? की पुडी कालच बांधली? मी चौथी शिकलेली. चार आणि चार आठ एवढं मला येतं, पण इथे आठ होईनात. ठाऊक असलेला माणूस दोन-दोन वेळा पॅकिंग कशाला कापेल? चेपलेल्या बोटांनी पत्रा कशाला ठोकेल? भास्करभाऊंचं ऐकून कशाला घेईल? आणि ठाऊक नसेल तर हे लिहिलं कोणी?

मला आडून विचारता येत नाही. मी कागद समोर धरला. "भाऊ, हा पोळ्याचा पेपर हाये."

"रद्दी कोण पाहून घेते, बाई."

"तुम्हाले माहीत होतं काय?"

ते पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "होतं म्हटलं तर मी खोटा. नव्हतं म्हटलं तर मी अडाणी. तुम्हाले कोणता पाहिजे?"

मी म्हटलं, "मले माझी परात पाहिजे."

ते हसले. परात धुऊन दिली, पहिल्यांदाच.

सील बसवायला अर्धा दिवस लागला. मग गाडी आठ दिवस उभी ठेवली, मुद्दाम. रोज सकाळी मी झाडायची आणि ते स्टुलावर बसून बघायचे. खाली पांढरं फडकं टाकलं होतं. आठव्या दिवशीही ते पांढरंच. शुक्रवारी फोन आला. झाली काय, अब्बा. मी चक्की बंद केली. का बंद केली ते मला माहीत नाही. मग पलीकडून आवाज आला, "झाली."

मी घसरले नसते, बोलले नसते, तर काय झालं असतं, हे मनात येतं कधीकधी. पण घसरलेलं माणूस बोलणारच.

भास्करभाऊ गाडी घेऊन गेले. शंकर आता डावा पाय न दुमडता चालवू लागला होता. गाडीने त्या वर्षी नाटकांचा सगळा हंगाम काढला, पुढे पावसाळाभर ती वडशाला उभी होती, थेंब नाही. म्हणजे काम पक्कं होतं. तेवढ्याबद्दल माझ्या मनात काही घोळ नाही.

सलीम दिवाळीच्या आदल्या रविवारी आला. नवीकोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. डबे नागपूरला नेता येणार नव्हते. ते मिस्त्रींनी माझ्याकडे ठेवले, तीसच्या तीस. शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, किल्ली मला दिली. रडणं-बिडणं काही झालं नाही. सलीमने गाडीचं दार उघडून धरलं.

मिस्त्री दाराशी गेले आणि आत न बसता खाली वाकले. एक हात जमिनीवर टेकला, गुडघे टेकले, मान तिरपी करून गाडीखाली बघत राहिले. रस्त्याने दोन ट्रक गेले, त्यांची धूळ पाठीवर बसली, तरी उठेनात.

सलीम म्हणाला, "अब्बा, नवी हाये गाडी. काय पाहून राह्यले?"

ते उठले. माझ्या दारातल्या पोत्यातून मूठभर कोंडा घेतला, हात चोळले आणि माझ्याच उंबऱ्यावर झटकले.

"उभी हाये ना," ते म्हणाले, "म्हणून पाह्यलं."

मग बसले. सीटवरचं प्लास्टिक कर्रकर्र वाजलं आणि गाडी गेली. ती जिथे उभी होती तिथे जाऊन मी बघितलं. जमीन कोरडी होती. कोंडा मात्र मला झाडावा लागला.